सुप्यात जळाले ते कागद: गहाण, कब्जा आणि सोडवणुकीचा हक्क

१/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातले सुपे. बाजारचा दिवस. जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. दुकाने लुटली गेली हे खरे. पण गर्दीने आधी मागितली ती खते, रोखे आणि हुकूमनामे. ज्या सावकारांनी कागद निमूटपणे बाहेर काढून दिले, त्यांच्या वाटेला पुढे फारसे कोणी गेले नाही. नकार देणाऱ्यांवर मात्र हात उगारला गेला. पुढील दोन महिन्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले. इतिहासाने त्याला 'दक्षिणेचे दंगे' असे नाव दिले. या धाग्याचा वाद त्या नावाशी नाही, त्या नावाखाली सांगितल्या जाणाऱ्या कथांशी आहे.

२/
समाजमाध्यमांवर या घटनेच्या चार कथा फिरतात. पहिली: हा मारवाडी-गुजर समाजाविरुद्धचा जातीय उद्रेक होता. दुसरी: उधळ्या शेतकऱ्याने लग्नकार्यात कर्ज केले आणि खापर सावकारावर फोडले. तिसरी: इंग्रजांनी शेतकऱ्याला प्रथमच जमिनीची मालकी आणि कायद्याचे राज्य दिले, ते त्याला पेलले नाही. चौथी: इंग्रज येण्यापूर्वी सारे आलबेल होते. या चारही कथा एकच प्रश्न टाळतात. लोक कागदच का जाळत होते?

३/
या प्रश्नाचे उत्तर तीन शब्दांत आहे: गहाण, कब्जा, सोडवणूक. जमीन गहाण टाकणे म्हणजे ती विकणे नव्हे. पैसे परत केले की जमीन परत मिळाली पाहिजे, हा गहाणाचा प्राण आहे. तो हक्क कोणाला, किती काळ आणि कोणत्या पुराव्यावर मिळतो, यावर एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या शेतकऱ्याचे सारे भवितव्य अवलंबून होते. हा हक्क कागदावर जिवंत राहिला आणि रानात मेला. दंग्यांचा खरा इतिहास त्या मरणाचा इतिहास आहे.

४/
प्रथम शब्द नीट पाहू. 'नजरगहाण' म्हणजे जमीन ऋणकोच्याच ताब्यात, सावकाराचा तिच्यावर केवळ बोजा. 'कब्जेगहाण' म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात. तिचे उत्पन्न तो व्याजापोटी, कधी मुद्दलापोटीही घेणार. 'गहाण-लहाण' किंवा 'मुदतखरेदी' म्हणजे ठरल्या तारखेस पैसे न आल्यास गहाणाचीच विक्री होणार अशी शर्त. आणि 'खुशखरेदी' म्हणजे बिनशर्त विक्री. चारही दस्तांवर ऋणकोचा अंगठा उठे तेव्हा रक्कम बहुधा तीच, गरज तीच आणि समोरचा माणूसही तोच. कागदाचे नाव बदलले की मात्र पुढच्या पिढीची जमीन राहते किंवा जाते.

५/
आता चौथ्या कथेचा, म्हणजे सुवर्णयुगाचा, समाचार आधी घेऊ. धर्मशास्त्रात गहाणाला 'आधी' म्हणतात. जपून ठेवायचा तो गोप्य आधी, उपभोगायचा तो भोग्य आधी. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की मुदत ठरवून दिलेला आधी मुदत टळताच बुडतो, आणि ऋण दुप्पट होऊनही न सोडवलेला आधीही बुडतो. म्हणजे ऋणकोच्या गळ्याला फास लावणारी शर्त भारतीय परंपरेला अपरिचित नव्हती. 'पूर्वी कोणाची जमीन जातच नव्हती' असे म्हणणाऱ्यांनी स्वतःचीच स्मृती वाचलेली नसते.

६/
परंतु तीच स्मृती त्याच ठिकाणी आणखी एक नियम देते: ज्या आधीचे फळ धनको उपभोगतो, तो आधी कधीच नष्ट होत नाही. तत्त्व साधे आहे. धनको दरवर्षी पीक घेतो आहे, त्याचे नुकसान होत नाही. मग काळ लोटला एवढ्याच कारणाने मालकाचा हक्क का बुडावा? याच्या जोडीला दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. आणि मिरासदारीची रूढी होती. परागंदा झालेला मिरासदार वर्षांनंतर परतला, तरी आपल्या मिराशीवर दावा सांगू शके. ही व्यवस्था समतेची नव्हती, पण जमीन कायमची तोडण्याची घाई तिला नव्हती.

७/
आता इंग्लंडकडे वळू, कारण तिसऱ्या कथेचे मर्म तेथे आहे. इंग्रजी गहाणखतातही तारीख असे. ती टळली की काटेकोर कायद्याप्रमाणे जमीन धनकोची. परंतु सतराव्या शतकापासून तेथील चान्सरी न्यायालयाने ही कठोरता मोडून काढली. तारीख टळली तरी वाजवी काळात मुद्दल, व्याज आणि खर्च भरणाऱ्याला जमीन सोडवता येईल, असा समन्यायाचा हक्क तिने उभा केला. 'एकदा गहाण, ते सदैव गहाण' हे सूत्र तेथे रूढ झाले. १७६२ च्या व्हर्नन विरुद्ध बेथेल या निवाड्यात कारणही स्पष्ट झाले: गरजू माणूस खऱ्या अर्थाने स्वतंत्र नसतो, आणि तातडीची नड भागवण्यासाठी तो समोरचा सांगेल त्या अटी मान्य करतो.

८/
हे सूत्र कोणासाठी घडले? प्रामुख्याने इंग्लंडच्या जमीनदार कुळांसाठी, ज्यांच्या जहागिरी पिढ्यान्‌पिढ्या गहाण पडत आणि सुटत. गरजू माणसाला स्वतःच्या सहीपासूनही संरक्षण हवे, हे ज्या देशाने शतकभर आधी ओळखले होते, त्याच देशाचे राज्य १८१८ नंतर दख्खनवर आले. तेव्हा प्रश्न 'इंग्रजांनी कायदा दिला का?' असा नाही. कायद्याचा कोणता अर्धा भाग बोटीतून उतरला आणि कोणता अर्धा तिकडेच राहिला, हा खरा प्रश्न आहे.

९/
उतरलेला भाग पाहू. सर्वेक्षण होऊन रयतवारी पक्की झाली आणि खातेदाराचा हक्क विकता, गहाण टाकता येऊ लागला. जमीन ही उत्तम तारण ठरली. १८५५ च्या २८ व्या कायद्याने व्याजदरावरील जुनी बंधने उठली. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्ती, लिलाव आणि ऋणकोची अटक ही शस्त्रे धनकोच्या हाती दिली. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू असा की सावकाराने व्याज साचवत बसू नये.

१०/
फळ उलटे आले. दर तीन वर्षांनी मुदत संपण्यापूर्वी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे, बेरजेला नवे मुद्दल म्हणायचे आणि त्यावर पुन्हा व्याज. दामदुपटीचा नियम न्यायालयात जिवंत होता. पण तो प्रत्येक खताच्या मुद्दलाला लागू होणार, आणि मुद्दलच दर तीन वर्षांनी वाढणार. जुने खत परत मिळेलच याची शाश्वती नाही. भरलेल्या पैशांची पावती नाही. हिशेबाची वही सावकाराची, भाषा दस्तलेखकाची, अंगठा मात्र कुणब्याचा.

११/
आता मुख्य मुद्दा: सोडवणुकीचा हक्क. येथे साम्राज्याच्या न्यायव्यवस्थेने जे केले ते इतिहासप्रेमींनी बारकाईने पाहावे. बंगालमध्ये १८०६ च्या १७ व्या रेग्युलेशनने शर्तीच्या विक्रीतील ऋणकोला न्यायालयाच्या नोटिशीनंतर एक वर्षाची सवलत दिली. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत असा लेखी कायदा नव्हता. तेथील न्यायालयांनी स्वतःच वाट काढली. मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये रामजी बिन तुकाराम विरुद्ध चिंतो सखाराम या निवाड्यात गहाण-लहाणाची शर्त शब्दशः अमलात आणण्यास नकार दिला. तारीख टळली तरी गहाण ते गहाणच.

१२/
हा निर्णय मुंबईच्या न्यायालयाच्या बाजूने नोंदवायलाच हवा. पण १८७० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मद्रासच्या पट्टाभिरामय्यर प्रकरणात उलट भूमिका घेतली. शर्तीच्या विक्रीची शर्त लिहिल्याप्रमाणे पाळली जावी. इंग्रजी समन्यायाचा सिद्धांत भारताच्या प्राचीन कायद्यात नाही, आणि तो घुसडण्याचा अधिकार न्यायाधीशांना नाही, असे तिचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने १८७२ मध्ये शंकरभाई विरुद्ध कासीभाई या प्रकरणात आपली वाट सोडली नाही. तरी १८७५ मध्ये, म्हणजे दंग्यांच्याच वर्षी, प्रिव्ही कौन्सिलने थंबूस्वामी प्रकरणात आपले जुने मत पुन्हा उच्चारले. मात्र कायदेमंडळाने या बाबतीत कायदा करावा असेही सुचवले.

१३/
विरोधाभास लक्षात घ्या. इंग्लंडच्या उमरावाची सही त्याच्या गरजेमुळे ढिली धरायची, आणि भारतीय शेतकऱ्याची सही त्याच्या 'परंपरे'मुळे घट्ट धरायची. परंपरेचा हा आदरही निवडक होता. मुदतीने बुडणारा आधी त्या परंपरेत होता, तशीच धनकोच्या व्याजावर दामदुपटीची मर्यादाही होती. व्याजावरचा सरकारी निर्बंध उठवताना परंपरा आठवली नाही. ऋणकोची जमीन बुडवताना तेवढी आठवली. हा अज्ञानाचा दोष मानणे अवघड आहे. करार पवित्र मानणाऱ्या शतकाची ती दृष्टी होती, आणि तिची किंमत इतरांनी मोजली.

१४/
येथे जाणकार वाचक रास्त आक्षेप घेतील. मुंबई उच्च न्यायालय १८६४ पासून ऋणकोच्या बाजूने होते, मग पुणे-नगरच्या शेतकऱ्याला दंगा करण्याचे कारण काय? आक्षेप वजनदार आहे आणि त्याचे उत्तर या धाग्याचा गाभा आहे. हक्क असणे वेगळे आणि तो सिद्ध करता येणे वेगळे. १८५९ च्या कायद्याने गहाण जमीन सोडवण्यासाठी तब्बल साठ वर्षांची मुदत दिली होती. औदार्य मोठे, पण साठ वर्षे कागद जपायचा कोणी? आजोबाने दिलेले गहाण नातवाने सिद्ध करायचे, आणि दस्त सावकाराच्या पेटीत.

१५/
त्यात १८७२ चा पुरावा कायदा आला. त्याच्या ९२ व्या कलमाचे सार असे की लेखी दस्ताच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा चालणार नाही. फसवणुकीचा अपवाद ठेवलेला होता. पण ती सिद्ध करण्याचा भार ऋणकोवर. समजा कागदावर 'खुशखरेदी' लिहिले आहे, आणि पैसे फेडल्यास जमीन परत देण्याचा शब्द पारावर चार पंचांसमक्ष दिला आहे. न्यायालय कागद वाचणार. पंचांचे ऐकण्यास कायदाच आडवा येणार. ज्या समाजात बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, तेथे लिहिलेले तेवढे सत्य ठरवणे ही तटस्थता नव्हे. लिहिणाऱ्याच्या हाती सत्याची किल्ली देणे ते हेच.

१६/
दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने या यंत्रणेचे चित्र आपल्या अहवालात दिले आहे. कर्जाचे बहुसंख्य दावे एकतर्फी निकाली निघत. ऋणको न्यायालयात पोहोचतच नसे. कधी समन्स पोहोचत नसे, कधी तालुक्याचे ठिकाण दूर असे, आणि कधी जाऊन उपयोग नाही याची त्याला खात्री असे. हुकूमनामा मिळाला की सावकार तो लगेच बजावतोच असे नाही. तो टांगती तलवार म्हणून वापरला जाई. अटकेची, जप्तीची धमकी द्यायची आणि तिच्या दबावाखाली आणखी जड अटींचे नवे खत लिहून घ्यायचे.

१७/
आता कब्जा. जमीन सावकाराच्या नावावर झाली म्हणजे तो नांगर धरायला जात नसे. बहुधा मूळ मालकच कबुलायत लिहून देऊन त्याच रानात कुळ म्हणून राबे. काल तो गहाण देणारा मालक होता. आज खंड देणारा कुळ. हा बदल केवळ शब्दांचा नाही. गहाणदाराविरुद्ध मालकाला हिशेब मागता येतो, उत्पन्न किती घेतले ते विचारता येते. कुळाला तो अधिकार नाही. खंड थकला की त्याला कुळ म्हणून हुसकावता येते, आणि मूळ गहाणाचा विषय न्यायालयापुढे येतच नाही. त्याच्याच बैलांनी नांगरलेल्या त्याच्याच बापाच्या रानात तो परका ठरतो.

१८/
आणि याहून चलाख रीत म्हणजे खाते बदलायचेच नाही. सरकारी दप्तरात नाव शेतकऱ्याचेच ठेवायचे, सारा त्याच्याच माथी, पीक मात्र सावकाराच्या कोठारात. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये 'दक्षिणेच्या दंग्यांचे मिथक' अशा आशयाचा निबंध लिहून या घटनेचे महत्त्व फुगवले गेल्याचे आणि जमिनीचे हस्तांतर सांगितले जाते तेवढे झाले नसल्याचे मांडले. संख्येबाबत त्यांची सावधगिरी योग्य आहे. पण हस्तांतराची नोंद कमी म्हणजे पीडा कमी, हे अनुमान टिकत नाही. सावकाराला सातबाऱ्यासारखी नोंद नको होती. त्याला रास हवी होती. मालकी न घेता कब्जाचे फळ घेता येत असेल, तर नोंद शोधणारा इतिहासकार रिकाम्या हातानेच परतणार.

१९/
दंग्यांची ठिणगीही कर्जाच्या एरवीच्या कुरकुरीतून पडली नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे काळूराम या सावकाराने देशमुखांविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे राहते घर पाडायला घेतले. गाव खवळले ते या दृश्याने. प्रथम दगड उचलला गेला नाही. प्रथम बहिष्कार पडला. न्हावी, पाणक्या, घरगडी यांनी सावकाराची कामे सोडली. शांततेचे साधन आधी वापरून पाहिले गेले, ही गोष्ट 'अडाणी जमावा'ची कथा सांगणारे सहसा वगळतात.

२०/
आता पहिली कथा. लक्ष्य बहुतांशी मारवाडी आणि गुजर सावकार होते, आणि सावकारी करणारे ब्राह्मण बहुधा वाचले, असे अहवालच सांगतो. म्हणून उद्रेकाला परकेपणाची धार होती हे नाकारणे अप्रामाणिक ठरेल. निरपराध कुटुंबांनी भोगले, तेही लपवू नये. पण केवळ जातीचा द्वेष असता, तर कागद देताच गर्दी पांगली नसती. द्वेषाला पावती लागत नाही. आणि मूठभर समाजाला खलनायक ठरवणाऱ्या कथेचा सर्वांत मोठा लाभार्थी कोण, हेही पाहावे. ज्या सरकारने सारा वाढवला आणि कायदे केले, ते या कथेत कोठेच दिसत नाही.

२१/
दुसरी कथा, लग्नकार्याची. ती तर आयोगानेच फेटाळली आहे. लग्ने आणि सणवार यांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले, असे त्याचे मत. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी स्वतंत्र टिपण जोडून साऱ्याच्या आकारणीकडे बोट दाखवले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाला भाव होता आणि पतही सैल होती. युद्ध संपले, भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास इंदापूरसारख्या तालुक्यांत तीस वर्षांची आकारणी संपून सारा वाढला. सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्यास. तो भरण्यासाठी सावकाराच्या दाराशी जाणे याला उधळपट्टी म्हणत नाहीत.

२२/
सरकारचे पहिले उत्तर नेहमीचेच होते. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. दुसरे उत्तर मात्र ऐतिहासिक होते: १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. न्यायालयाने केवळ शेवटचे खत न पाहता व्यवहाराचा इतिहास पहिल्या रुपयापासून तपासावा, कब्जातील उत्पन्नाचा हिशेब धरावा, व्याजाला मर्यादा, फेडीला हप्ते, कर्जासाठी शेतकऱ्याची अटक बंद, गहाण न टाकलेली जमीन पैशाच्या हुकूमनाम्यात विकायची नाही, आणि दस्त ग्राम-निबंधकासमोर व्हावा. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले.

२३/
ही यादी पुन्हा वाचा आणि ती सुप्याच्या गर्दीच्या मागण्यांशी ताडून पाहा. जुने कागद उघडा, हिशेब मांडा, जमीन सोडवू द्या. ज्यासाठी पाचशे माणसांना शिक्षा झाली, त्यातील बराचसा भाग चार वर्षांनी कायदा म्हणून छापला गेला. म्हणजे गर्दीचे निदान बरोबर होते, उपाय बेकायदा होता. राज्यकर्त्यांनी हे कबूल करायला कायद्याची भाषा वापरली. इतिहासाच्या पुस्तकांनी तेवढेही केले नाही.

२४/
आणि म्हणून येथे विजयाची तुतारी फुंकू नये. गहाणावर लक्ष ठेवणारा कायदा आल्यावर सावकाराने गहाण लिहून घेणेच कमी केले. त्याची जागा खुशखरेदीने घेतली. परतीचा शब्द फक्त तोंडी. १८८० मध्ये बक्षू लक्ष्मण विरुद्ध गोविंदा कानजी या निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाने पक्षकारांच्या वर्तनावरून विक्रीआडचे गहाण ओळखण्याचा प्रयत्न केला. पुढे दख्खनच्या कायद्यातच दुरुस्ती होऊन पुरावा कायद्याचे ९२ वे कलम बाजूला ठेवून व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कागद आणि कायदा यांची ही शर्यत होती, आणि कागद नेहमी एक पाऊल पुढे.

२५/
१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ६० व्या कलमात गहाण सोडवण्याचा हक्क अखेर लेखी मान्य केला. मुंबई इलाख्यात तो लागू व्हायला १८९३ उजाडले. १९२९ च्या दुरुस्तीने मात्र एक नवी भिंत उभी केली. परतीची शर्त विक्रीच्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. उद्देश वाद कमी करण्याचा. परिणाम असा की विक्रीचा एक कागद आणि परतीच्या कराराचा दुसरा कागद केला, की गहाणाचे कवचच गळून पडते. ही तरतूद आजही कायद्यात आहे. सुप्याचा प्रश्न संपला असे मानणाऱ्यांनी हे कलम वाचावे.

२६/
दुसरीकडे, २१ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंग राम विरुद्ध शिव राम या प्रकरणात ठरवले की कब्जेगहाणात केवळ गहाणाच्या तारखेपासून मुदत मोजून मालकाचा हक्क बुडवता येणार नाही. पैसे फिटल्यापासून मुदत सुरू होते. फळ भोगणाऱ्याचा आधी काळाने बुडत नाही, हे तत्त्व याज्ञवल्क्याने सांगितले होते, आणि आधुनिक न्यायालय स्वतंत्र मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचले. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने सावकारीच्या ओघात, विक्रीच्या नावाखालीसुद्धा, बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला. विक्रीच्या कागदाआड पाहण्याची गरज एकविसाव्या शतकातही भासली, यातच सारे आले.

२७/
तेव्हा चारही कथा बाजूला ठेवून एक सरळ विधान करता येईल. दक्षिणेचे दंगे हे कायद्याविरुद्धचे बंड नव्हते. ते कायद्याच्या अर्धवटपणाविरुद्धचे बंड होते. शेतकऱ्याला जमीन विकण्याचे स्वातंत्र्य पूर्ण मिळाले, सोडवण्याचे स्वातंत्र्य तुकड्यातुकड्याने. धनकोच्या कागदाला न्यायालयाचे दार उघडे, ऋणकोच्या शब्दाला बंद. जेथे कागदच न्याय ठरतो आणि कागद एकाच्याच पेटीत असतो, तेथे दुसऱ्याला काडीपेटी आठवते. हे समर्थन नव्हे; हे कारण आहे. इतिहासाचे काम कारण सांगण्याचे.

२८/
शेवटी वाचकांसाठी एक काम. अनेक घरांत, गावच्या वाड्यांत, मोडीतील जुनी खते पडून आहेत. त्यातील एखादे हाती लागले तर रकमेवर थांबू नका. तीन गोष्टी पाहा. दस्ताचे नाव काय: गहाण, मुदतखरेदी की खुशखरेदी? कब्जा कोणाचा, आणि त्याच दिवशीची वेगळी कबुलायत जोडलेली आहे का? रक्कम रोख दिली, की जुन्या खताची बाकी नव्याने ओढली? या तीन ओळींत त्या घराण्याची कित्येक वर्षे दडलेली असतात. सुप्यात जे कागद जळाले ते वाचण्याची संधी गेली. जे उरले आहेत, ते तरी नीट वाचले जावेत.

(धागा समाप्त)